शेऱ्याचा रकाना

पौषातली उतरती दुपार. पथारीवर मिरची
रुळांपासून थेट निंबांच्या ओळीपर्यंत,
इतकी लाल, की मान वर केली
तर आभाळ घटकाभर हिरवट वाटतं.
तो डोळ्यांचा थकवा. तो मी धरत नाही.

मी धरते ते वहीत असतं:
गाडी, पोती, ओलं वजन, सुकं वजन, घट.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
नंदुरबारात आल्यापासून नऊ हंगाम
त्यात काही गेलं नव्हतं.
‘पोतं फाटलेलं’, ‘ड्रायव्हर प्यालेला’, एवढंच.

मग गेल्या साली हारुणभाई
काट्यावर गाडी चढवून, नाकाला रुमाल बांधून,
पावती मागायच्या ऐवजी वर बघत म्हणाला,
‘ताई, आज तीन सूर्य शेतस वं.’

भर हिशेबातून उठले. हाताशी होतं
ते किलोचं लोखंडी माप, सहा कोनांचं,
झाकण ठेवावं तसं सूर्यावर धरलं
आणि ठसका यायचा विसरला.
डावीकडे एक, उजवीकडे एक,
हात ताणून मोजलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत,
वीतभर, किंवा नखभर जास्त.
सूर्याकडच्या अंगाला तांबडे, बाहेर पांढरट शेपूट,
आणि दोघांना सांधणारं फिकं कडं,
ओल्या फरशीवर कोणी घंगाळ ठेवून उचललं जसं.
त्याच्याही वर, पार माथ्यावर,
उताणा पडलेला एक रंगीत तुकडा.
त्याला आमच्यात नावच नव्हतं.

पुढे कधीतरी कळलं, तिथे उंचावर बर्फाचे कण असतात,
तेही सहा कोनांचे.
मी माप उलटं करून पाहिलं. तळाला शिशाचा ठिपका.
मापाने ओळख दिली नाही.

शेठ केबिनमधून ओरडले:
‘खये पडनं का? ताडपत्र्या काढा!’

खळं.
ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याच्या केसांत भुसा असणार,
मधोमध मेढ, बैल गोल गोल,
आणि दमून उताणा झाल्यावर
वर हेच.

शेठना एकच विचारायचं असतं, पाणी येईल?
माझ्या वहीप्रमाणे खळी तेवीस. शिंतोडे चार वेळा.
एकदा ताडपत्रीसकट उडालेली मिरची.
बाकी अठरा वेळा नुसतं कडं,
आलं, फिकटलं, कुणाचं काही न बिघडवता गेलं.

आता मावळतीला मी उगवतीकडे तोंड करते.
जमिनीतून निळसर पट्टा वर येतो, त्याला गुलाबी काठ.
ती आपल्याच पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली.
भुसावळ पॅसेंजर दिवे लावून
तिच्यात शिरते.

सायकी धडगावकडची. देठं खुडते.
परवा सकाळी शेजारच्या हरभऱ्यात दव होतं,
दोघी बांधावर, सावल्या लांबच लांब पिकावर.
मी म्हटलं, बघ, माझ्या डोक्याभोवती उजेड.
ती म्हणाली, कुठे? तो तर माझ्या.
मी सरकले. ती सरकली. जागा बदलल्या.
तिने डोक्यावरचा पदर काढला,
मी हात हलवून दाखवला, ही मी, ही बघ.
हो, तू. पण उजेड माझ्याकडे.
ऊन वर चढून दव उडेपर्यंत भांडलो.
पोटऱ्यांना आंब लागून चुणचुणत होतं.

शनिवारी पगार. अंगठा उठवताना
तिने शेवटच्या रकान्यावर नजर ठेवली: इथे काय?
वाचून दाखवलं.
‘सकाळी सात दहा. हरभऱ्यात
सायकीच्या डोक्याभोवती उजेड.
सायकी सांगते. मला दिसला नाही.’

ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, इथे पण घे अंगठा.
शाई ओलीच होती.